गोष्ट किती लांब, हे ठरवतं कोण?

19 मे 2019 रोजी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या सिंहासनाच्या लढाईवरच्या अमेरिकी मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. अमेरिकेत त्या एका रात्री 1 कोटी 93 लाख लोकांनी तो पाहिला. एचबीओ वाहिनीच्या कुठल्याही कार्यक्रमाला तोवर एवढा प्रेक्षक मिळाला नव्हता. त्याच सुमारास, ‘शेवटचा सीझन कुणातरी जाणत्या लेखकांकडून पुन्हा करून घ्या’ अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर 10 लाखांहून जास्त सह्या जमल्या होत्या. चार महिन्यांनी त्याच सीझनला 12 एमी पुरस्कार मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचाही होता.

म्हणजे प्रेक्षक विक्रमी, पुरस्कार भरघोस, आणि तरी आठ वर्षं जीव लावून पाहणाऱ्यांचा पार विरस झालेला. मालिका घसरतात त्या अशाच घसरतात. बाहेरून सगळं भरात असतं, आतून गोष्ट सुटत गेलेली असते.

का घसरतात, असं विचारलं तर घरोघरी एकच उत्तर मिळतं: पैशासाठी ताणतात हो. ते खोटं नाही. पण अर्धंच आहे, कारण ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ताणली गेली नव्हती. ती उलट घाईघाईने आवरली गेली. तेव्हा ताणणं आणि आवरणं ही दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत असं मला वाटतं. गोष्टीला किती लांबी हवी हे गोष्ट ठरवत नाही. ते दुसरंच काहीतरी ठरवतं. ते दुसरं काय, हे समजून घ्यायचं तर आधी हिशेबाच्या वहीत डोकावावं लागतं.

अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीत मालिका बनवणारा स्टुडिओ वेगळा आणि ती दाखवणारी वाहिनी वेगळी. वाहिनी दर भागामागे स्टुडिओला जे पैसे देई, ते बहुतेक वेळा निर्मितीखर्चापेक्षा कमी असत. स्टुडिओ वर्षानुवर्षं तोटा सोसून मालिका चालवी. मग कमाई कुठे? पुनःप्रसारणात. जुने भाग गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना विकायचे, त्या सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग लावणार. रोज लावायचे तर भाग भरपूर हवेत, म्हणून या धंद्यात साधारण 100 भागांचा आकडा पवित्र मानला गेला. वर्षाला 22 भाग धरले तर 100 गाठायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे एखादी गोष्ट दोन वर्षांत सुंदर संपणारी असेल, तर ती तशी संपवणं हा स्टुडिओच्या लेखी शुद्ध तोटा. आणि 100 गाठल्यावर मालिका लोकप्रिय असेल, तर ती बंद करायला कुणी का तयार होईल?

या यंत्रात सापडलेल्या मालिकेचा सगळ्यांत बोलका दाखला म्हणजे ‘लॉस्ट’. 2004 मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली. एक विमान निर्जन बेटावर कोसळतं आणि वाचलेल्या माणसांना बेटाच्या खोडी कळू लागतात. उष्ण प्रदेशातल्या जंगलात पांढरं अस्वल निघतं. जमिनीत गाडलेलं पोलादी झाकण सापडतं, सहा आकडे पुन्हा पुन्हा समोर येतात. प्रत्येक भाग नवं कोडं टाकून संपायचा आणि लोक आठवडाभर डोकं खाजवायचे.

आता कोडं टाकणं ही उधारी असते. दुकानदार वहीत लिहून घेतो आणि माल देतो. प्रेक्षकही तसाच लिहून घेतो आणि पुढच्या आठवड्यात परत येतो. पहिल्या सीझनला नुसती उचलच असते, म्हणून तो एवढा झोकात दिसतो. फेडायची वेळ पुढे येते. पण ‘लॉस्ट’च्या लेखकांना फेडायची परवानगीच नव्हती, कारण मुख्य कोडी सुटली की मालिका संपली, आणि मालिका संपवायची नाही असं वाहिनीचं धोरण. मग लेखकांनी वेळ काढायला सुरुवात केली. तिसऱ्या सीझनमध्ये, फेब्रुवारी 2007 मध्ये, एक अख्खा भाग नायकाच्या दंडावर गोंदण कसं आलं या प्रश्नाला वाहिला गेला. तो प्रश्न कुणालाही पडलेला नव्हता. मालिकेचे कर्ते डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज यांनी पुढे हा भाग वाहिनीसमोर पुरावा म्हणूनच ठेवला: शेवट ठरवून दिला नाही तर हे असंच होत राहणार.

मे 2007 मध्ये वाहिनी नमली. आणखी 48 भाग, तीन सीझन आणि 2010 मध्ये शेवट, असं जाहीर झालं. लोकप्रिय मालिकेची शेवटची तारीख तीन वर्षं आधी सांगणं अमेरिकी टीव्हीत तोवर जवळपास ऐकिवात नव्हतं. याच महिन्यात दाखवलेल्या तिसऱ्या सीझनच्या अखेरच्या भागात गोष्ट एकदम भविष्यात उडी घेते, आणि चौथ्या सीझनपासून तिला पुन्हा दम येतो. शेवट सगळ्यांना पटला नाही ही गोष्ट वेगळी. एवढ्या उधारीची पै न पै कुणीच फेडू शकलं नसतं.

पैशानंतर वेळ. पहिल्या सीझनची कल्पना लेखकाच्या डोक्यात अनेकदा वर्षानुवर्षं मुरलेली असते. ती वाहिनीला ऐकवली जाते, नाकारली जाते, दुरुस्त होते, नमुन्याचा एक भाग बनतो, तोही पुन्हा तपासला जातो. दुसऱ्या सीझनला यातलं काहीच मिळत नाही. पहिला संपल्यापासून काही महिन्यांत वीस-बावीस भाग लिहायचे असतात. पहिल्या खेपेला लेखकाने आयुष्यभराची शिदोरी सोडलेली असते आणि दुसऱ्या खेपेला डबा रिकामा.

2006 मध्ये आलेली ‘हीरोज’ याचं जरा क्रूर उदाहरण. साध्यासुध्या माणसांना अचानक अद्भुत शक्ती मिळतात, ही कल्पना पहिल्या वर्षी तुफान चालली. कर्ते टिम क्रिंग यांचा मूळ विचार असा होता की दर सीझनला पात्रांचा नवा संच आणायचा. पण लोक पहिल्या संचाच्या प्रेमात पडले होते. ज्यांची गोष्ट पूर्ण झाली होती त्यांनाच परत आणलं, आणि मग त्यांना करायला काम शोधावं लागलं. कुणाची स्मृती जाते, कुणाची शक्ती जाते, कुणी भूतकाळात अडकतं. त्यातच 5 नोव्हेंबर 2007 ला हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला, तो 100 दिवस चालला, आणि दुसरा सीझन 11 भागांवर गुंडाळावा लागला. त्याच महिन्यात क्रिंग यांनी एका मुलाखतीत चुका कबूल केल्या होत्या. मालिका सावरली नाही. 2010 मध्ये बंद झाली.

तिसरी गोष्ट माणसांची. मालिका एक माणूस लिहीत नाही, लेखकांची खोली लिहिते, पण त्या खोलीचा सूर एकाच्या कानात असतो. तो गेला की पात्रं बोलतात तेच आणि तरी वेगळी वाटतात. ‘द वेस्ट विंग’ या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या कचेरीवरच्या मालिकेतून तिचे कर्ते आरन सॉर्किन चौथ्या सीझननंतर, 2003 मध्ये, बाहेर पडले. जाताना राष्ट्राध्यक्षाच्या मुलीचं अपहरण करून ठेवलं आणि सोडवायचं काम पुढच्यांवर सोपवलं. ‘डेक्स्टर’ची सूत्रं सांभाळणारे क्लाइड फिलिप्स चौथ्या सीझननंतर गेले. ‘डेक्स्टर’ म्हणजे खुन्यांचे खून करणारा पोलिसांचा तंत्रज्ञ. अशा माणसाच्या गोष्टीचे शेवट मोजके: तो पकडला जाईल किंवा मरेल. पण निर्मात्यांपैकी एकाने नंतर सांगितलं की त्याला मारायचं नाही अशी वाहिनीची अट होती. मग 2013 मध्ये आठव्या सीझनच्या अखेरीला तो वादळात गडप होतो आणि दूर कुठेतरी लाकूडतोड्या बनून बसलेला दिसतो. तो शेवट आजही थट्टेचा विषय आहे.

कलाकारांचा हिशेबही यात येतो. अमेरिकेत नटांचे करार साधारण सहा-सात वर्षांचे असतात, मालिका त्यापुढे गेली की मानधन नव्याने ठरतं. ‘फ्रेंड्स’च्या शेवटच्या दोन सीझनमध्ये सहाही कलाकारांना प्रत्येकी दर भागाला 10 लाख डॉलर मिळत होते. जुनी मालिका दरवर्षी महाग होत जाते. दरम्यान ज्यांनी ती घडवली ते हुशार लेखक स्वतःची मालिका काढायला निघून जातात. सर्वांत महाग वर्षात सर्वांत नवखी मंडळी लिहीत असतात, असं घडू शकतं.

आता ‘गेम ऑफ थ्रोन्स’कडे परत येऊ, कारण तिचं दुखणं या सगळ्याच्या उलट दिशेचं आहे. एचबीओला पुनःप्रसारणाच्या 100 भागांची ओढ नव्हती. ती वर्गणीवर चालणारी वाहिनी. पैसा तुटपुंजा नव्हता. माणसंही बदलली नव्हती, कर्ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस पहिल्यापासून शेवटपर्यंत होते. मग बिनसलं कुठे?

मालिका बेतली होती जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवर. तिचा पहिला खंड 1996 चा, पाचवा 2011 चा. मालिका सुरू झाली तीही 2011 मध्येच. तेव्हा असा अंदाज होता की मालिका पुढे सरकेल तसे पुढचे खंड येत राहतील. सहावा खंड अजून आलेला नाही. 2015 मध्ये पाचव्या सीझनपर्यंत मालिकेने पुस्तकं जवळपास संपवली, आणि पुढे मार्टिन यांनी तोंडी सांगितलेल्या शेवटाच्या रूपरेषेवर गाडी चालवावी लागली. मार्टिन स्वतःला माळी म्हणवतात. बी लावायचं, काय उगवतंय ते बघत राहायचं. असं लिहिणाऱ्याच्या हाती पाचव्या खंडाअखेर डझनावारी पात्रं आणि शेकडो फाटे होते, आणि तो स्वतःही ते अजून एकत्र आणू शकलेला नाही. जे मूळ लेखकाला इतकी वर्षं जमलं नाही, ते दुसऱ्या दोघांनी ठरलेल्या तारखेला करून दाखवायचं होतं.

त्यातून लांबीचा निर्णय. पहिले सहा सीझन प्रत्येकी 10 भागांचे, सातवा 7, आठवा 6; एकूण 73. एचबीओची आणखी करायची तयारी होती. पण बेनिऑफ आणि वाइस यांनी सत्तर-एक तासांत गोष्ट संपवायची हे आधीच मनाशी ठरवलेलं होतं. शिवाय फेब्रुवारी 2018 मध्ये, शेवटचा सीझन पडद्यावर यायच्या वर्षभर आधी, ते दोघं ‘स्टार वॉर्स’चे नवे चित्रपट करणार असंही जाहीर झालं. तो करार 2019 मध्येच मोडला, पण लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. मला स्वतःला त्यात लबाडीपेक्षा थकवा जास्त दिसतो. दहा वर्षं एकच गोष्ट ओढल्यावर माणूस घड्याळाकडे बघणारच.

घाईचा परिणाम नेमका कुठे दिसतो हे पाहायला प्रवास बघा. पहिल्या सीझनमध्ये राजा उत्तरेतून राजधानीकडे निघतो तेव्हा वाट सरता सरत नाही, आणि त्या वाटेवरच बरंच काही घडतं. दोन पोरं काठ्यांनी खेळतात, राजपुत्र मधे पडतो, एक लांडगी नाहक मारली जाते, दोन बहिणींत कायमची अढी पडते. अंतर हे तिथे गोष्ट पुढे नेणारं यंत्र आहे. सातव्या सीझनमध्ये बर्फाळ तळ्याच्या मधोमध अडकलेले लोक मदतीचा निरोप पाठवतात, एक जण उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या भिंतीपर्यंत धावत जातो, तिथून निरोप घेऊन कावळा अर्धं खंड ओलांडतो, आणि ड्रॅगन तेवढंच अंतर उलटं कापून वेळेवर हजर. त्या भागाच्या दिग्दर्शकानेही काळाचा हिशेब जरा धूसर ठेवल्याचं नंतर मान्य केलं. प्रश्न भूगोलाचा नाहीच. प्रवास गेला की वाटेवरची संभाषणं जातात, आणि संभाषणं गेली की माणसं बदलताना दिसत नाहीत, थेट बदललेली दिसतात. सिंहासनावर हक्क सांगणारी, ड्रॅगन बाळगणारी राणी डेनेरिस शरण आलेलं शहर जाळते. हा शेवट मुळात चुकीचा नव्हता. त्याची चाहूल सुरुवातीपासून होती. पण तिचं मन तिथवर पोचायला जे दहा-वीस तास लागले असते, ते तिला दोन भागांत मिळाले. खर्चाची मात्र कसूर नव्हती. आठव्या सीझनमधल्या मोठ्या लढाईसाठी उघड्यावर 55 रात्री चित्रीकरण चाललं होतं.

इथे कुणी म्हणेल, शेवट आधी नीट लिहून ठेवायचा, म्हणजे प्रश्न मिटला. तसंही नाही. ‘ब्रेकिंग बॅड’ ही 62 भागांत, 2013 मध्ये, चढत्या क्रमाने संपलेली मालिका. तिच्या शेवटच्या सीझनच्या सुरुवातीला नायकाच्या गाडीच्या डिकीत एक मशीनगन दिसते. ती गन पुढे कशाला लागणार हे ते दृश्य लिहिताना लेखकांनाच माहीत नव्हतं. त्यांनी हे मोकळेपणी सांगितलंय. त्यांना दुसरंच काहीतरी ठाऊक होतं: किती भाग उरलेत. आणि गोष्टीचा साचाही मदतीला होता. रसायनशास्त्राचा मास्तर, त्याला कर्करोग, तो अमली पदार्थ बनवू लागतो. अशी गोष्ट पंधरा वर्षं चालूच शकत नाही.

जाता जाता एक रुक्ष मुद्दा. काही घसरण ही आपल्या निवडीतूनही येते. दरवर्षी ढीगभर मालिका सुरू होतात, त्यातल्या बऱ्याच पहिल्याच वर्षी मरतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी चर्चा करत नाही. दुसऱ्या सीझनपर्यंत पोचतात त्या मुख्यतः पहिला सीझन विलक्षण जमलेल्या. जमण्यात कसब असतं तसा योगही असतो: नटांची जोडी जुळणं, विषय नेमक्या वेळी येणं. कसब दुसऱ्या वर्षी टिकतं, योग टिकेलच असं नाही. त्यामुळे विलक्षण गोष्टीनंतर नुसती चांगली गोष्ट येण्याचा संभव मुळातच जास्त, कुणी काही चुकलं नाही तरीही.

हे सगळं आपल्या मराठी मालिकांना लागू होतं का? होतं, पण इथे सीझनच नसतो. रोजची मालिका म्हणजे आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळता प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे. आठवड्याला एक सिनेमा झाला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ने आठ वर्षांत जेवढे तास केले, तेवढे आपली रोजची मालिका साधारण आठ महिन्यांत उरकते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. हातात तयार भागांची बँक असते ती काही दिवसांची. सण, आजारपण, पाऊस आला की ती आटते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. घसरले की चॅनलकडून निरोप येतो: हा ट्रॅक आवरा, तो वाढवा, महाएपिसोड करा, लीप घ्या. शेवट कधी, हे लेखकाला कुणी सांगत नाही, कारण ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आकडे चांगले असेपर्यंत, एवढंच उत्तर.

म्हणून ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली आणि 3000 भागांच्या पुढे गेली. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण एवढं लांबलं की महाराष्ट्रात त्यावर विनोदांचं पीक आलं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये नवऱ्याच्या लफड्याने पोळलेली राधिका मसाले विकता विकता काही शे कोटींच्या कंपनीची मालकीण झाली. या लेखकांना नावं ठेवणं सोपं आहे. दिवसाला एक भाग लिहून बघावा, मग बोलावं.

टीआरपीचंही एक समजून घ्यायला हवं. तो मोजतो टीव्ही कुठल्या चॅनलवर आहे ते. समोर बसलेली बाई डोळ्यात पाणी आणून बघतेय की पोळ्या लाटता लाटता नुसती ऐकतेय, हे त्या यंत्राला कळत नाही. सवय आणि आवड त्याला सारखीच. अमेरिकेतही हेच झालं होतं. ‘हॅपी डेज’ या विनोदी मालिकेचा नायक सप्टेंबर 1977 मध्ये चामड्याचं जॅकेट घालून पाण्यावरच्या स्कीवरून शार्कला ओलांडून उडी मारतो; मालिका हास्यास्पद झाल्याचा तो क्षण म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. पण त्या वर्षी ती अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर होती आणि पुढे 1984 पर्यंत चालली. दर्जा कधी गेला हे आकड्यांत बऱ्याच उशिरा उमटतं.

मराठीत वेळेवर थांबलेल्या मालिका नाहीतच असं नाही. सतीश राजवाडे यांची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपली, आणि लोक अजून तिचं नाव काढतात. पण मला त्याहून मजेशीर वाटते ती ‘रात्रीस खेळ चाले’. 2016 मधला पहिला भाग कोकणातल्या नाईकांच्या घरात अण्णांच्या मृत्यूने सुरू होतो. रहस्य वाढवत नेलं, संशयाची सुई घरातल्या प्रत्येकावर फिरवली, आणि उलगडा एवढ्या अपेक्षांना पुरा पडला नाही. 2019 मध्ये दुसरा भाग आला तो प्रीक्वेल होता: अण्णा जिवंत असतानाची, शेवंताची, वाड्यातल्या पापांची गोष्ट. अण्णा जाणार, घर पोखरलं जाणार, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लेखकांनाही. मालिका कुठे जाऊन थांबणार हे आधीच ठरलेलं असल्याने त्यांना रहस्य ताणायचं नव्हतं, माणसं रंगवायची होती. दुसरा भाग पहिल्याहून सरस उतरला, असं माझ्यासकट अनेकांचं मत आहे.

मग 2021 मध्ये तिसरा भाग आला. त्यात अण्णा आणि शेवंता भुतं होऊन वाड्यात परतले, आणि शेवट कुठे करायचा हा प्रश्न पुन्हा पहिल्यासारखाच मोकळा झाला.